हे नवं आहे, हे ठरवतं कोण? उजळणाऱ्या पडद्यांच्या पेटंट तपासणीचा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "यात नवीन काय?" उत्तर देताना बहुतेक जण आपल्याला काय सुचलं ते सांगतात. समितीला मात्र दुसरंच जाणून घ्यायचं असतं. हे आधी कुणी केलेलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं? पहिला प्रश्न तुमच्या डोक्याबद्दल आहे, दुसरा जगातल्या जुन्या कागदांबद्दल. हा फरक नीट समजून घ्यायचा असेल तर पेटंट तपासणीचा इतिहास वाचावा, असं माझं मत आहे. तिथे एक माणूस पगार देऊन बसवलेला असतो आणि "हे नवं नाही" असं दाखवता येतंय का, हे बघणं हेच त्याचं काम असतं.

उदाहरण म्हणून आज प्रकाश देणारे पडदे घेऊ. आमच्या वर्तकनगरात मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात फुटलेला फोन घेऊन जा. दुकानदार विचारतो, "ओरिजिनल टाकू, ओएलईडी टाकू की इनसेल?" आणि तीन वेगळे भाव सांगतो. ते ओएलईडी पॅनेल एखाद्या जाड कागदाइतकं पातळ असतं. त्यात खाली आधारपट, त्यावर ट्रान्झिस्टरचं जाळं, मग इलेक्ट्रोड, सेंद्रिय पदार्थांचे अतिपातळ थर, पुन्हा इलेक्ट्रोड आणि वर हवाबंद आवरण असतं. (सेंद्रिय म्हणजे इथे शेतीतलं नाही, कार्बनी संयुगं.) यातल्या जवळजवळ प्रत्येक थरावर कुणाचं ना कुणाचं पेटंट आहे किंवा होतं. म्हणजे प्रत्येक थरासाठी कुठेतरी कुणीतरी विचारलेलं आहे: "यात नवीन काय?"

तपासणीच नव्हती तेव्हा

सुरुवात आपल्या माणसापासून करू. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईत, १८६७ साली. त्यांना 'भारताचे एडिसन' म्हटलं जायचं. १८९० च्या दशकाच्या अखेरीला ते लंडनमध्ये होते आणि दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे होते. भिशांनी तिथे विजेवर उजळणारी जाहिरातीची पाटी तयार केली. क्रिस्टल पॅलेसमध्ये तिचं प्रदर्शन झालं आणि लंडनमधल्या काही दुकानांत ती लागलीही. आज दुकानांवर सरकत्या अक्षरांच्या एलईडी पाट्या दिसतात, त्यांची ही लांबची पणजी म्हणा.

भिशांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटं सांगितली जातात. पण ज्या लंडनमध्ये ते धडपडत होते, तिथलं पेटंट कार्यालय त्या काळात शोध नवा आहे की नाही हे तपासतच नव्हतं! १८८३ च्या ब्रिटिश कायद्याने परीक्षक नेमले, पण त्यांनी बघायचं ते एवढंच: अर्ज नियमात आहे का, वर्णन धड आहे का. तेच यंत्र दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी नोंदवलेलं असलं तरी तुम्हाला पेटंट मिळायचं. भांडण झालंच तर कोर्टात बघून घ्या.

याचा परिणाम काय झाला? १९०१ साली फ्राय समितीने मंजूर झालेली पेटंटं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा त्यातली सुमारे ४२ टक्के आधीच कुठल्या ना कुठल्या ब्रिटिश पेटंटमध्ये येऊन गेलेली निघाली. मग १९०२ चा कायदा आला आणि १९०५ पासून परीक्षक मागच्या पन्नास वर्षांची ब्रिटिश पेटंटं शोधू लागले. अमेरिकेत ही नवेपणाची तपासणी १८३६ पासूनच होती.

आता हे भिशांसारख्या माणसाच्या बाजूने बघा. गाठीला पैसा नाही, दुसऱ्याच्या देशात आहात, भांडवलदार शोधताय. तुमच्या हातातला पेटंटचा कागद कुणीच तपासलेला नसेल, तर पैसे लावणारा त्यावर विश्वास ठेवणार कसा? आणि कोर्टात जायचं तर खर्च परवडणार कुणाला? तपासणी ही शोधकाच्या वाटेतली अडवणूक वाटते खरी. पण जो गरीब आहे, एकटा आहे, त्याच्या कागदाला वजन येतं ते तपासणीमुळेच. हा मुद्दा लक्षात ठेवा.

एका वहीची किंमत

आता १९६२ सालच्या अमेरिकेत जाऊ. सेमीकंडक्टरमधून प्रकाश काढायची शर्यत चालू होती. त्याआधीही प्रकाश दिसला होताच: १९०७ साली हेन्री राउंड यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून उजेड दिसल्याची छोटी नोंद छापली होती आणि १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव यांनी त्यावर सलग काम केलं होतं. पण वापरता येईल असं उपकरण बनवायची चुरस लागली ती साठच्या दशकात.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतले जेम्स बियार्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून अवरक्त किरण बाहेर पडताना दिसले. त्यांनी ८ ऑगस्ट १९६२ ला अर्ज केला. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, आयबीएम, बेल लॅब्ज आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा अशा मातब्बर संस्थाही याच विषयावर काम करत होत्या. निर्णय लागला २० डिसेंबर १९६६ ला, बियार्ड आणि पिटमन यांच्या बाजूने. कशावरून? त्यांच्या प्रयोगवह्यांवरून. वहीतल्या नोंदी इतरांच्या कागदांपेक्षा आधीच्या होत्या.

त्या वेळी अमेरिकेत पेटंट मिळायचं ते आधी शोध लावणाऱ्याला, आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे. १६ मार्च २०१३ पासून तिथेही नियम बदलला. भारतात पहिला हक्क आधी अर्ज करणाऱ्याचाच. मग वही कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, शोधक म्हणून नाव कुणाचं लागायचं, मार्गदर्शकाचं की तुमचं की शेजारच्या लॅबमधल्या मित्राचं, हा वाद आजही निघतो आणि तेव्हा वहीच बोलते. तारीख टाका, पानं फाडू नका.

क्लेम लहान का होतो

ओएलईडीच्या इतिहासात कोडॅकच्या चिंग टँग यांचं नाव पहिल्यांदा येतं. त्यांचं सेंद्रिय प्रकाश-सेलवरचं अमेरिकी पेटंट जुलै १९८० मध्ये दाखल झालं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये मंजूर झालं. आता परीक्षकाच्या खुर्चीत बसून विचार करा. "सेंद्रिय पदार्थातून विजेने प्रकाश काढणं" हे १९८० साली नवं होतं का? नव्हतं. १९६० च्या दशकात अँथ्रासीनच्या स्फटिकातून प्रकाश काढून झाला होता. डाऊ केमिकलची याच विषयावरची पेटंटं १९६५ ला मंजूर झालेली होती. अडचण वेगळीच होती. व्होल्टेज फार लागायचं आणि प्रकाश जेमतेम पडायचा.

म्हणून टँग यांचा क्लेम "सेंद्रिय पदार्थातून प्रकाश" असा नाही. धन इलेक्ट्रोडच्या बाजूला पॉर्फिरिन वर्गातल्या संयुगाचा एक थर घालायचा, म्हणजे विद्युतभार आत शिरायला सोपं जातं, एवढ्याभोवती तो बांधलेला आहे. संशोधनाला नव्याने लागलेल्या विद्यार्थ्याला हे फारच किरकोळ वाटतं. एक थरच तर घातला! पण याच वाटेने जाऊन टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी १९८७ साली दोन थरांचं उपकरण प्रसिद्ध केलं. ते दहा व्होल्टच्या आत चालत होतं आणि डोळ्यांना ठसठशीत दिसेल इतका प्रकाश देत होतं. आज तुमच्या खिशातला पडदा त्याच वंशातला.

नवेपणा असा मोजतात. आधीचं सगळं वजा करायचं आणि जे उरतं तेवढंच तुमचं. उरलेलं लहान असलं तरी चालतं, ते खरं असलं पाहिजे.

केंब्रिजची गोष्टही अशीच. जेरेमी बरोज, डोनल ब्रॅडली आणि रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाला एका पॉलिमरमधून हिरवट-पिवळा प्रकाश मिळाला. पॉलिमरमधून प्रकाश ही कल्पना ब्रिटनमध्येच आधी येऊन गेली होती. १९७० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या रॉजर पार्ट्रिज यांनी पॉलिव्हिनाइल कार्बाझोल वापरून त्यावर पेटंट घेतलं होतं. केंब्रिजचा पॉलिमर वेगळ्या जातीचा होता: त्याच्या मुख्य साखळीतच एकाआड एक दुहेरी बंध होते. क्लेम उभा राहिला तो या फरकावर. आणि क्रम बघा: पेटंटचा पहिला अर्ज एप्रिल १९८९ मध्ये, 'नेचर'मधला लेख ऑक्टोबर १९९० मध्ये. आधी अर्ज, मग लेख. हे उलटं झालं असतं तर पुढे १९९२ मध्ये निघालेल्या त्यांच्या कंपनीच्या हातात फारसं काही उरलं नसतं.

आपल्याकडे काय झालं

भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. पहिला अर्ज ३ मार्च १८५६ ला कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी केला, आणि तो होता पंखा ओढायच्या यंत्राचा! १९११ च्या कायद्याने पेटंट नियंत्रक हे पद आणलं. पण त्या कायद्यात नवेपणा मुख्यतः भारतापुरता मोजला जायचा. इथे माहीत नसलं की झालं. परदेशी कंपनीला हे सोयीचंच होतं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात चित्र मांडलं: भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या हातात आणि त्यातली ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरातच नाहीत. म्हणजे कुंपण आपल्या जमिनीवर आणि पीक कुणीच काढत नाही.

त्या अहवालातून १९७० चा कायदा आला, २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ ने परीक्षकाला सांगितलं: भारतात किंवा इतरत्र, कुठेही छापलेल्या कागदात हे आधी आलंय का ते शोध. आता कायद्यात 'इतरत्र' लिहिणं सोपं आहे. पण इतरत्रचे कागद इथे हवेत ना! इंटरनेट नव्हतं. १९८० मध्ये नागपूरला पेटंट माहिती केंद्र सुरू झालं ते याच गरजेतून. देशोदेशीचे पेटंट दस्तऐवज जमवायचे आणि उद्योगांना, संशोधकांना शोधून द्यायचे. आज त्याच नागपुरात राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे आणि पेटंट परीक्षकांचं प्रशिक्षण तिथे होतं. विदर्भातल्या वाचकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं, कारण नागपूरचं नाव या संदर्भात फारसं कुणी घेत नाही.

पुढच्या दुरुस्त्यांनी आजची पद्धत आणली. २० मे २००३ पासून अर्ज अठरा महिन्यांनी जाहीर होतो आणि तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या नियमांनी त्या विनंतीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. ठाण्याहून कुर्ला, मग हार्बरने जीटीबी नगर, असा रस्ता. आता सगळं ऑनलाइन होतं, जायची गरज पडत नाही.

परीक्षक नेमकं करतो काय

समजा, तुम्ही असा क्लेम लिहिला: "प्रकाश देणारं डिस्प्ले पॅनेल, ज्यात आधारपट, ट्रान्झिस्टर, पहिला इलेक्ट्रोड, उत्सर्जक थर, दुसरा इलेक्ट्रोड आणि कडेने ओलावा अडवणारी भिंत आहे." ओलावा हा ओएलईडीचा शत्रू, म्हणून ही भिंत.

परीक्षक आधी क्लेमचे तुकडे करतो, सहा भाग. मग आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची जागा शोधतो. सेंद्रिय प्रकाश-पडद्यांसाठी २०२३ पासून 'एच १० के ५९' असा गट आहे; पॅनेल चालवायच्या पद्धतीसाठी 'जी ०९ जी'. नुसत्या शब्दांनी शोधून भागत नाही. एकच गोष्ट कुणी ओएलईडी म्हणतं, कुणी ऑर्गॅनिक ईएल, कुणी नुसतं प्रकाश-उत्सर्जक उपकरण. वर्गीकरणाचा आकडा मात्र भाषा बदलली तरी तोच राहतो.

मग त्याला जुना कागद सापडतो: पाच भाग त्यात आहेत, भिंत नाही. म्हणजे क्लेम नवा ठरला. पण थांबा. दुसऱ्या एका कागदात वेगळ्या पॅनेलला अशीच भिंत आहे. आता प्रश्न बदलतो: या विषयातल्या जाणकार माणसाला हे दोन्ही जोडणं सहज सुचलं असतं का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये याची कसोटी सांगितली ती भांडी पॉलिश करण्याआधी धरून ठेवायच्या एका यंत्राच्या वादात, विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात. कारागिराने कामाच्या ओघात केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. भांड्यांसाठी दिलेला तो न्याय आज पडद्यांनाही लागू होतो.

शिवाय कलम ३ आहेच. ओळखीची उपकरणं नुसती नव्या रचनेत मांडली आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम करत राहिला, तर पेटंट नाही. पॅनेल चालवणारा नुसता अल्गोरिदम असेल तर नाही. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलंत, तर परिणामकारकता वाढल्याचं दाखवा. हे सगळं पहिल्या तपासणी अहवालात लिहून येतं आणि उत्तराला सहा महिने मिळतात, मागून घेतले तर आणखी तीन.

इथे खरी गोम आहे. उत्तर देताना तुम्ही क्लेम आवळू शकता, पण मूळ अर्जात नसलेली गोष्ट आत आणू शकत नाही. समजा, भिंतीची एक ठरावीक रुंदी ठेवली तरच ओलावा नीट अडतो, हे तुम्हाला माहीत होतं पण "हे काय लिहायचं" म्हणून सोडून दिलंत. वाचवणारा मुद्दा तोच होता आणि आता तो वापरता येत नाही. प्रबंधातही असंच होतं. पद्धतीच्या प्रकरणात जे क्षुल्लक म्हणून गाळता, परीक्षक बोट ठेवतो ते नेमकं तिथेच.

आणि परीक्षकाचा होकार ही हमी नाही, हेही कायद्यातच लिहिलंय, त्याच कलम १३ मध्ये. मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतं, नंतर कोर्ट पेटंट रद्दही करू शकतं. त्याने प्रामाणिकपणे शोधलं, त्याला सापडलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. शास्त्रातल्या "नवीन" या शब्दाचाही याहून जास्त अर्थ होत नाही.

तुमचा प्रबंध हाही जुना कागद

अमेरिकेत १९८६ साली हॉल यांच्या अर्जाचा निकाल लागला. पेटंट नाकारलं गेलं होतं, आणि कारण होता जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एक पीएचडी प्रबंध. तो कुठे छापलेला नव्हता. ग्रंथालयाच्या सूचीत त्याची नोंद होती आणि मागेल त्याला तो वाचता येत होता. न्यायालय म्हणालं, एवढं पुरे आहे.

आता आपल्या शोधगंगेचा विचार करा. फ्रायबुर्गची प्रत एका कपाटात होती. तुमचा प्रबंध जगातला कुठलाही परीक्षक दोन मिनिटांत उघडेल. तो दुसऱ्याचा चुकीचा क्लेम अडवायला उपयोगी पडेल, ही त्याची चांगली बाजू. पण अर्ज करायच्या आधी तो तिथे गेला तर तुमचाच क्लेम अडवेल. परिषदेतलं पोस्टर, सारांशपुस्तिका, विभागाच्या वेबसाइटवर टाकलेल्या स्लाइड्स, सगळ्यांचं तसंच. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासाठी कायद्यात बारा महिन्यांची एक सवलत आहे, पण ती अरुंद आहे आणि बाकीच्या देशांत चालेलच असं नाही. तिच्या भरवशावर राहू नका. मार्गदर्शकांना आधी विचारा: "सर, यात अर्ज करण्यासारखं काही आहे का?"

आणि एक अभ्यास सांगते, या महिन्यात कराच. पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या संकेतस्थळावर आपल्या विषयातला एखादा अर्ज शोधा. त्याचा पहिला तपासणी अहवाल काढा आणि अर्जदाराने दिलेलं उत्तर शेजारी ठेवून वाचा. आधीचा क्लेम आणि नंतरचा क्लेम, दोन रकान्यांत लिहा. काय गळलं, काय उरलं, कुठल्या जुन्या कागदामुळे. मग आपल्याच संशोधन आराखड्यातलं "यात नवीन काय" हे एक वाक्य घ्या, त्याचे तसेच तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो मोडू शकेल असा सगळ्यात जवळचा जुना कागद लिहा. रकाना रिकामा राहिला तर लगेच खूश होऊ नका, अजून दोन दिवस शोधा.